पूलच्या पंपाजवळचे व्हॉल्व्ह अडकलेत आणि गळतायत: बदलताना कोणते घ्यायचे, कट कुठे मारायचा?

कर्जत_शेतघर

कर्जतजवळच्या शेतघरात टाइल्सचा पूल आहे. ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. पंप १ एचपी, वाळूचा फिल्टर २४ इंची, त्याच्या डोक्यावर सहा पोझिशनचा मल्टिपोर्ट (फिल्टर, बॅकवॉश, वेस्ट असे पाण्याचे मार्ग बदलणारा व्हॉल्व्ह). सगळं जमिनीवरच मांडलेलं, पूलच्या पाण्यापेक्षा साधारण ४० सेंमी वर. पत्र्याचं छप्पर आहे, पण दुपारचं ऊन पाइपांवर येतंच.

पंपाच्या आधी तीन पाइप जमिनीतून वर येतात: स्किमर (पूलच्या वरचं पाणी ओढणारं तोंड), मेन ड्रेन (तळाचं तोंड) आणि व्हॅक्यूम पॉइंट (तळ साफ करताना वापरायचं तोंड). प्रत्येकावर एक साधा प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंनी सोल्युशन लावून चिकटवलेला. फिल्टरनंतर रिटर्नच्या, म्हणजे पाणी पूलमध्ये परत नेणाऱ्या, दोन लाइनवर तसेच दोन.

तक्रारी अशा. मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलाय, अजिबात हलत नाही. स्किमरचा फिरतो, पण पाना लावल्याशिवाय नाही. रिटर्नच्या एका व्हॉल्व्हच्या दांड्याशी थेंब पडतात. पंप चालू असताना नोझलमधून बारीक बुडबुडे सतत येतात आणि सकाळी पंपाला पाणी धरायला बराच वेळ लागतो. शिवाय मल्टिपोर्ट ‘फिल्टर’वर असतानाही वेस्टच्या (घाण पाणी बाहेर टाकायच्या) पाइपातून बारीक धार चालू असते.

प्लंबरचं म्हणणं, पाचही ठिकाणी पितळी गेट व्हॉल्व्ह टाकू, पुन्हा बघायला नको. मला ते पटत नाहीये. काय घ्यावं? आणि चिकटवलेले व्हॉल्व्ह काढायचे कसे? जमिनीपासून व्हॉल्व्हपर्यंत ११ सेंमी पाइप आहे, व्हॉल्व्हच्या वर टीपर्यंत फक्त ४ सेंमी.

---

मावळचा_फिटर

पितळी गेट व्हॉल्व्ह नकोच. कारणं तीन. क्लोरीनच्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं, मग दांडा ठिसूळ होतो आणि एक दिवस चाक हातात येतं, आतली पाचर खालीच राहते. दुसरं, पाण्याचा पीएच खाली गेला की तांबं सुटतं आणि टाइल्सच्या सांध्यांवर हिरवट-निळे डाग पडतात. तिसरं, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं: गेट व्हॉल्व्हच्या ग्लँडची (दांड्याभोवतीच्या सीलची) दोरी ही बाहेर जाणारं पाणी अडवायला असते. सक्शनला, म्हणजे पंपाच्या आधीच्या बाजूला, उलटं असतं, तिथून हवा आत ओढली जाते. बुडबुड्यांवर उपाय म्हणून गेट व्हॉल्व्ह टाकलात तर बुडबुडे वाढतील.

पंपाच्या आधीचे तीन व्हॉल्व्ह आणि फिल्टरनंतरचे दोन, यांच्याकडे वेगवेगळं बघा. फिल्टरनंतर दाब असतो, साधारण १ बारच्या आसपास. तिथली खराबी डोळ्यांना दिसते, थेंब पडतो. पंपाच्या आधी पोकळी, म्हणजे ओढ असते. तिथला व्हॉल्व्ह खराब असला तरी बाहेर एक थेंबही दिसणार नाही, कारण तुमची यंत्रणा पाण्याच्या पातळीच्या वर आहे. पंप चालू असताना हवा आत येते, बंद झाला की त्याच फटीतून हवा शिरून पाइपातलं पाणी पूलमध्ये परत उतरतं. सकाळी पंप पाणी धरत नाही तो यामुळेच. अर्धवट अडकलेला मेन ड्रेन आगीत तेल ओततोय: वाट अरुंद झाली की पोकळी वाढते आणि स्किमरच्या व्हॉल्व्हच्या दांड्यातून हवा जास्त जोरात ओढली जाते.

काही विकत घेण्याआधी हवा नेमकी कुठून येते ते शोधा. पंप चालू ठेवून एकेका जागी पाणी ओता किंवा दाढीचा फेस लावा. आधी पंपाच्या जाळीचं झाकण आणि त्याची ओ-रिंग, मग पंपाच्या तोंडावरची युनियन (नट सोडून उघडणारा जोड), मग तिन्ही व्हॉल्व्हचे दांडे. ज्या जागी फेस आत ओढला जातो आणि मिनिटभरात नोझलमधले बुडबुडे कमी होतात, ती जागा. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आहे ना, तेही बघा. खाली असेल तर स्किमरच भोवरा करून हवा गिळतो आणि माणूस उगाच पाइप कापत बसतो.

आता निवड. पाचही ठिकाणी दोन्ही बाजूंना युनियन असलेला बॉल व्हॉल्व्ह घ्या. दोन्ही नट सोडले की मधला भाग हातात येतो, पाइप कापावा लागत नाही. घेताना दुकानातच उघडून आरपार बघा. गोळ्याचं भोक ५० मिमीच्या आसपास हवं. बाहेरून २ इंची दिसणाऱ्या काही व्हॉल्व्हचं भोक ४० मिमीच असतं. रिटर्नला ते एक वेळ चालेल, सक्शनला नको. ओ-रिंग ईपीडीएमच्या (एक प्रकारचं रबर) असाव्यात.

आकाराचा हिशोब सोपा आहे. तुमचं पाणी सुमारे ४५ घनमीटर. ६ तासांत एकदा सगळं फिरवायचं तर ताशी साडेसात घनमीटर लागतात. १ एचपीचा पंप सहज १२ देतो. १२ घनमीटरला २ इंची पाइपात वेग सेकंदाला दीड मीटरच्या थोडा वर जातो. सक्शनला १.८ मीटरपर्यंत चालतं, रिटर्नला २.४ पर्यंत. दीड इंचीत हाच वेग अडीच मीटर होईल. म्हणून जागा कमी पडते म्हणून कुठेही दीड इंची रिड्यूसर घालून छोटा व्हॉल्व्ह बसवू देऊ नका.

---

साठ_मिलिमीटर

वरचं सगळं बरोबर, पण दुकानात जाण्याआधी एक काम करा, नाहीतर आणलेला माल परत न्यावा लागेल. पाइपाचा घेर मोजा. ‘२ इंची’ या नावाखाली बाजारात तीन वेगवेगळे पाइप मिळतात.

शेतीचा करडा पीव्हीसी पाइप, ज्यावर आयएस ४९८५ छापलेलं असतं, त्याचा बाहेरचा व्यास ६३ मिमी. शेड्यूल ४० किंवा ८० छापलेला पांढरा-करडा प्लंबिंगचा यूपीव्हीसी, त्याचा ६०.३ मिमी. आणि बंगल्यात गरम पाण्याला वापरतात तो पिवळसर सीपीव्हीसी, त्याचा ५४ मिमी. व्हर्नियर नसेल तर शिवणकामाची टेप पाइपाभोवती गुंडाळा. १९८ मिमी भरलं तर ६३ चा पाइप, १८९ भरलं तर ६०.३ चा, १७० भरलं तर सीपीव्हीसी.

पूलचं युरोपीय सामान बहुतेक ५० आणि ६३ मिमीत येतं, अमेरिकन सामान इंचात. ६०.३ चा पाइप ६३ च्या व्हॉल्व्हमध्ये सहज जातो, आणि घोटाळा तिथेच होतो. पावणेतीन मिमीची फट सोल्युशन भरून निघत नाही. सोल्युशन हे डिंकासारखं फट भरायला नसतं, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. त्यासाठी पाइप कोरडा घातला तरी सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर अडकायला हवा. खडखडत तळाला गेला तर तो जोड रिटर्नला सुटेल आणि सक्शनला हवा ओढेल. उलट बाजूने, ६३ चा पाइप २ इंची सॉकेटमध्ये जात नाही, म्हणून काही जण सॉकेट शेगडीवर तापवून फुगवतात. व्हॉल्व्हच्या बाबतीत हे अजिबात करू नका, आतली गादी आणि ओ-रिंग जातात.

---

कर्जत_शेतघर

मोजलं. जमिनीतून येणारे पाचही पाइप १९८. पंपाकडून फिल्टरकडे जाणारा तुकडा मात्र १८९, तो पंप बदलताना नवीन टाकला होता. त्या ठिकाणी एका जोडावर भरपूर सोल्युशन थापलेलं दिसतंय. फेस लावून बघितलं, स्किमरच्या दांड्यातून हवा ओढली जातेय, आणि पंपाच्या तोंडाच्या युनियनमधूनही थोडी.

स्किमर आणि मेन ड्रेनसाठी दोन व्हॉल्व्हऐवजी एकच तीन तोंडांचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह घेता येईल का? व्हिडिओत सगळीकडे तोच दिसतो.

---

मावळचा_फिटर

येईल, आणि तो चांगला प्रकार आहे. आत एक फिरती झडप असते, हँडल जिकडे ‘ऑफ’ दाखवतं ते तोंड बंद. मधे ठेवलं तर दोन्हीकडून पाणी येतं. सक्शनला फायदा असा की दोन्ही बाजू एकदम बंद करता येत नाहीत, त्यामुळे पंप सुका चालवण्याची चूक होत नाही. झाकणाचे स्क्रू काढले की झडप, ओ-रिंग सगळं बदलता येतं, पाइपाला हात लावावा लागत नाही.

अडचण आकाराची. हे व्हॉल्व्ह मूळचे अमेरिकन पद्धतीचे. सहज मिळणाऱ्या नमुन्यात आत २ इंची पाइप बसतो, बाहेरून अडीच इंची फिटिंग चढतं. दोन्ही इंचाच्या मापात. तुमचा पाइप ६३. मेट्रिक तोंडांचे येतात, पण ते मागवावे लागतात आणि ओ-रिंगचा संचही पुन्हा मागवावाच लागतो. कर्जतला बसून मी तरी दोन युनियन बॉल व्हॉल्व्ह घेईन. एक बिघडला तर हार्डवेअरच्या दुकानातून नवीन आणून नटांमध्ये अडकवला की झालं, फक्त त्याच कंपनीचं तेच मॉडेल हवं. म्हणून पाच लागत असतील तर सहा घ्या.

डायव्हर्टर घेतलाच तर फिल्टरनंतर रिटर्नला लावू नका. तिथे कधी हँडलचा थांबा काढून कोणी ‘ऑफ’ आत येणाऱ्या तोंडावर फिरवला, तर पंप बंद तोंडावर दाब देत राहतो.

आणि एक धोक्याची गोष्ट. तळाला मेन ड्रेनची जाळी एकच आहे का? एकच असेल तर स्किमर बंद करून पंपाची सगळी ओढ त्या एका जाळीवर कधीही आणू नका, विशेषतः पाण्यात मुलं असताना. केस किंवा अंग जाळीवर ओढलं जातं आणि माणूस हाताने सुटत नाही. रोजच्या वापरात स्किमर पूर्ण उघडा, मेन ड्रेन अर्धा. व्हॅक्यूम पॉइंटला झाकण आणि व्हॉल्व्ह दोन्ही हवेत, तो फक्त तळ साफ करताना उघडायचा.

---

हॅक्सॉ_ब्लेड

कट कुठे मारायचा त्याबद्दल.

वरचे ४ सेंमी विसरा. ६३ च्या सॉकेटमध्ये पाइप सुमारे ३८ मिमी आत जातो. ४ सेंमीवर व्हॉल्व्ह कसाबसा बसेल, पण पुढच्या वेळी कापायला काहीच उरणार नाही. तिन्ही पाइप जुन्या व्हॉल्व्हच्या लगेच खाली कापा, म्हणजे जमिनीवर जवळजवळ पूर्ण ११ सेंमी हातात राहील. वरच्या टी, एल्बो, पंपापर्यंतचा तुकडा सगळं काढून टाका आणि नवीन मांडणी करा. टी आणि एल्बो स्वस्त असतात. महाग असतो तो जमिनीतला पाइप, फरशी फोडल्याशिवाय लांब होत नाही तो. पाइप घेताना ६ केजी दाबाचा नको, १० केजीचा घ्या.

आता उंचीचा प्रश्न येईल. युनियनचा व्हॉल्व्ह तुमच्या जुन्यापेक्षा लांब असतो, २० ते २४ सेंमी धरा. तो उभा बसवला तर टीची आडवी लाइन पंपाच्या तोंडापेक्षा वर जाईल. मग त्या उंचवट्यात हवा साठून राहते आणि पंप अधूनमधून गुरगुरतो. म्हणून वर येणाऱ्या पाइपाला लगेच एल्बो लावून व्हॉल्व्ह आडवे झोपवा. आडवी लाइन पंपाच्या तोंडाच्या पातळीत किंवा किंचित खाली. पंपाच्या तोंडासमोर एल्बो येऊ देऊ नका, पाइपाच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ तुकडा हवा, म्हणजे ६३ ला साधारण ३२ सेंमी. नाहीतर पाणी इंपेलरवर (पंपाच्या आतल्या फिरत्या चाकावर) वळसे घेत येतं, पंप आवाज करतो आणि बेअरिंगवर ताण येतो.

व्हॉल्व्ह हातात आल्याशिवाय मापं काढू नका. समजा व्हॉल्व्ह टोकापासून टोकापर्यंत २२० मिमी भरला. दोन्ही बाजूंना ३८-३८ आत जाणार, म्हणजे दोन पाइपांच्या टोकांमधलं अंतर १४४ मिमी ठेवायचं. आधी सगळी मांडणी कोरडी जुळवा आणि प्रत्येक जोडावर मार्करने आडवी रेघ मारा, दोन्ही तुकड्यांवरून जाणारी. कोरडा पाइप तळापर्यंत जात नाही, म्हणून खोलीची खूण पाइपावर वेगळी करा.

काम असं: पंपाचा एमसीबी पाडा, नुसता टायमर नको. बारीक दातांचं, इंचाला २४ दातांचं ब्लेड घ्या. कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळून कडेने कापा, कट काटकोनात येतो. आतला बाहेरचा बुरा चाकूने काढा, बाहेरची कड कानशीने २-३ मिमी तिरपी करा. तसं नाही केलं तर धारदार कड सॉकेटमधलं सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. जुन्या पाइपावर उन्हाने पांढरी भुकटी आली असेल, ती पॉलिश पेपरने घासून चकाकी येईपर्यंत काढा, मग प्रायमर.

युनियनच्या व्हॉल्व्हला आधी नट पाइपात घाला, मग टोकाचा तुकडा चिकटवा. नट विसरला तर तो परत चढवायला कापण्याशिवाय उपाय नाही. मधला गोळ्याचा भाग बाजूला काढून ठेवा, सोल्युशनच्या आसपासही नको. ओघळ गोळ्यावर गेला तर नवीन व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी अडकतो. जाड यूपीव्हीसी सोल्युशन पाइपावर, मग सॉकेटमध्ये पातळ थर, मग पुन्हा पाइपावर. आत ढकलताना पाव फेरा फिरवा आणि तीसएक सेकंद दाबून धरा, नाहीतर पाइप मागे सरकतो. टोकांचे चेहरे एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. वाकडं बसलेलं नट आवळून सरळ होईल अशी आशा धरू नका, ओ-रिंग एका बाजूने उघडी राहते. नट हातानेच आवळा, फार तर वर पाव फेरा.

जोड रात्रभर सुकू द्या. पावसाळ्यात हवा दमट असली तर डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दीडपट. पाइपात झिरप चालू असेल आणि टोक कोरडं राहत नसेल, तर पावाचा लगदा आत दाबतात. सक्शनला तो नंतर पंपाच्या जाळीत येतो, तिथून काढा. रिटर्नला तसं करायचं असेल तर आधी नोझलची बुबुळं (आतले फिरते गोळे) काढून ठेवा.

पंप-फिल्टरमधला १८९ चा तुकडा आणि थापलेला जोडही याच फेरीत काढा. तिथे ६३ आणि ६०.३ जोडायला सरळ मार्ग आट्यांचा: एका बाजूला ६३ चा एमटीए (बाहेरून आटे असलेलं फिटिंग), दुसरीकडे इंची पाइपाचा एफटीए (आतून आटे असलेलं), दोन्हींचे आटे २ इंची बीएसपी. टेफ्लॉन टेप सहा-सात वेढे, आट्यांच्या दिशेने. हाताने घट्ट, वर एक ते दीड फेरा. जास्त आवळलं तर एफटीए चिरतो, आणि ती चीर दोन दिवसांनी दिसते. दाबाच्या बाजूला हे चालेल. सक्शनला आट्यांचा जोड जितका टाळता येईल तितका टाळा. पंप अमेरिकन असेल तर आटे बीएसपी (ब्रिटिश माप) आहेत का एनपीटी (अमेरिकन माप) ते बघा. २ इंचीत बीएसपीला इंचात ११ आटे, एनपीटीला साडेअकरा. दोन फेरे छान जातात, मग अडतं आणि गळतं.

---

गाळणी

वेस्टमधून येणाऱ्या धारेबद्दल कोणी बोललं नाही. त्याचा या पाच व्हॉल्व्हशी संबंध नाही. मल्टिपोर्टच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबर असतं, स्पायडर गॅस्केट. ते उठलं, चिरलं किंवा त्याखाली वाळूचा कण गेला की पाणी एका खणातून दुसऱ्यात जातं. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पंप चालू असताना हँडल फिरवणं. दाबाखालचं पाणी रबराला खाचेतून उपटतं. हँडल नेहमी पंप बंद करून, पूर्ण खाली दाबून फिरवायचं.

आधी खात्री करा: हँडल खाचेत नीट बसलंय का. नसेल तर वर उचलून पुन्हा बसवा, कधीकधी एवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं तर उघडा. पंपाचा एमसीबी पाडा, रिटर्नचे व्हॉल्व्ह बंद, फिल्टरची हवा सोडायची पिन ढिली करून दाब शून्यावर आणा. झाकण आणि खालचा भाग यांवर मार्करने उभी रेघ मारा, झाकण एक खाच फिरून बसलं तर सगळी पोझिशन चुकतात. स्क्रू काढताना झाकण वरून दाबून धरा, खाली ताकदीची स्प्रिंग आहे. जुनं रबर काढा, खाच ब्रशने आणि कापडाने अगदी कोरडी करा. नवीन रबर गोल बाजू वर ठेवून बसवा, मधे मधे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एकेक ठिपका. भरभरून लावू नका, फुगवटा येतो. स्प्रिंगखालचे वायसर त्याच क्रमाने. झाकणाची ओ-रिंग सिलिकॉन ग्रीसने ओलसर. व्हॅसलीन किंवा बेअरिंगचं ग्रीस नको, ईपीडीएम फुगून सैल पडतं. हाच नियम वरच्या बॉल व्हॉल्व्हच्या ओ-रिंगलाही. स्क्रू समोरासमोर थोडे थोडे आवळा.

वेस्ट लाइनवर एक बॉल व्हॉल्व्ह लावून धार बंद करा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. धार बंद होईल, पण कोणीतरी तो बंद असताना बॅकवॉश (पाणी उलटं फिरवून फिल्टर धुणं) लावणार, आणि पंपाचं पाणी जायला जागाच राहणार नाही. झाकण किंवा टाकीचा पट्टा उडू शकतो. शिवाय रबर गेलेलं असताना बॅकवॉशची घाण रिटर्नकडेही वळते.

---

कर्जत_शेतघर

मल्टिपोर्ट उघडला, रबराची एक आरी उठलेली होती. रबर मागवलं. सक्शनची मांडणी आडवी करतोय. एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाकावा का? सकाळी पंपाला वेळ लागतो त्यासाठी.

---

मावळचा_फिटर

आधी नवीन व्हॉल्व्ह आणि पंपाच्या तोंडाची ओ-रिंग बसवून काही दिवस बघा. हवा बंद झाली तर ४० सेंमी उंचीवर पाणी पाइपात टिकायला हवं. एनआरव्ही हवेची गळती बरी करत नाही, सकाळचं लक्षण तेवढं झाकतो. तरीही टाकायचा असेल तर टीची लाइन संपल्यावर, पंपाआधीच्या सरळ तुकड्याच्या मागे, झडपेचा आणि वरून झाकण उघडणारा घ्या. आडव्या लाइनवर झडपेची बिजागरी वरच्या बाजूला. पानं-काटक्या झडपेत अडकतात, त्यामुळे न उघडणारा एनआरव्ही म्हणजे नवीन डोकेदुखी.

फिल्टरनंतर गोळ्यांचा क्लोरीनेटर लावला असेल तर मात्र त्याच्या आधी एनआरव्ही हवाच. पंप बंद असताना गोळ्यांचं जहाल पाणी मागे फिल्टर आणि मल्टिपोर्टमध्ये जातं आणि तुमचं नवीन रबर खातं.

महिन्यातून एकदा सगळे व्हॉल्व्ह पंप बंद करून पूर्ण बंद-पूर्ण उघडे करा. जे वर्षभर एकाच जागी असतात तेच अडकतात, गोळ्यावर क्षार बसतो. जड गेला तर हँडलला पाइप लावून जोर करू नका, दांडा गोळ्याजवळ तुटतो. युनियनच्या व्हॉल्व्हमध्ये गोळ्याची गादी आवळणारी रिंग असते, बऱ्याच कंपन्यांच्या हँडलच्या मागच्या कडा त्या रिंगेच्या खाचांत बसतात. ती थोडीशी सैल केली की हँडल मोकळं होतं. उन्हासाठी पाइपांना पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइल पेंट नको. नट आणि हँडल सोडून.

---

अलिबाग_तळघर

याच धाग्यात विचारतो. आमची पंपखोली जमिनीखाली, पूलच्या पाण्यापेक्षा दीड मीटर खाली. मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह बदलायचाय. तो कापला तर सगळा पूल खोलीत येईल. पूल रिकामा करूनच करावं लागेल का?

---

हॅक्सॉ_ब्लेड

व्हॉल्व्ह बंद होतो का? पूर्ण बंद होत असेल तर त्याला न काढता त्याच्या पुढे, पंपाच्या बाजूला, नवीन युनियन व्हॉल्व्ह बसवा आणि जुना कायमचा उघडा सोडा. अर्थात जुन्याच्या दांड्यातून गळत नसेल तरच.

बंद होत नसेल तर पाणी पूलच्या बाजूने अडवावं लागेल. स्किमर आणि रिटर्नला नोझल काढून, नट फिरवल्यावर फुगणारी रबरी बुचं बसवा, ही सोपी. मेन ड्रेनला पोहणारा माणूस खाली जाऊन जाळीचे स्क्रू काढून पाइपाच्या तोंडात तसलंच बूच आवळतो. पंप बंद, एमसीबीला कुलूप, आणि वर एक माणूस उभा, त्याशिवाय कोणाला खाली पाठवू नका. बूच बसल्यावर व्हॉल्व्हच्या पुढची युनियन किंवा पंपाची जाळी हळूच ढिली करून बघा: पाइपातलं साठलेलं पाणी निघून धार थांबली पाहिजे. थांबली नाही तर परत आवळा आणि बूच पुन्हा बसवा. काम संपल्यावर बूच काढून जाळी चारही स्क्रूंसह परत बसल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही.

रिकामा करायचा विचार सध्या सोडा. अलिबागला पावसात विहिरीचं पाणी हाताला लागतं, तेच पाणी तुमच्या पूलच्या तळाखालीही असतं. आत पाणी नसेल तर बाहेरचं पाणी तळ वर ढकलतं. फायबरचा पूल अख्खा वर येतो, काँक्रीटच्या पूलला भेग पडते किंवा टाइल्स सुटतात. जवळच्या विहिरीची पातळी पूलच्या तळाच्या बरीच खाली गेल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, रिकामा करता येईल. तेव्हाही मेन ड्रेनच्या कुंडीत हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह आहे का ते आधी बघा. बाहेरचा दाब वाढला की तो आपोआप उघडून जमिनीतलं पाणी पूलमध्ये येऊ देतो. असेल तर त्याच्या तोंडात चुकूनही बूच बसवू नका. मेन ड्रेनच्या कुंडीत दोन तोंडं दिसली तर पंपाकडे जाणारं आडवं, तळाकडे तोंड करून असलेलं ते हायड्रोस्टॅटिकचं.